लाईट आली, पण घरच्या सर्व्हरमधला व्हीएम काही उठेना!

गोदाकाठ (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. राहायला नाशिकात गंगापूर रोडला, पोटापाण्याला विम्याचं काम. आयटीवाला नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या कमी बसतील.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीतून निघालेला जुना डेस्कटॉप स्वस्तात मिळाला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम. त्यात २५६ जीबीची एसएसडी आणि २ टीबीची हार्ड डिस्क टाकली आणि व्हिडिओ बघत बघत प्रॉक्समॉक्स आठ (एका मशीनमध्ये अनेक आभासी मशीनं चालवणारी सिस्टिम) बसवलं. आत तीन बिऱ्हाडं आहेत. १०० हा कंटेनर, त्यात पाय-होल (घरच्या नेटवरच्या जाहिराती अडवणारा). १०१ हा व्हीएम (म्हणजे मशीनच्या आतलं आभासी मशीन), त्यात होम असिस्टंट, गच्चीवरच्या टाकीची मोटर तोच चालू-बंद करतो. १०२ हा डेबियन लिनक्सचा व्हीएम, त्यात इमिच, म्हणजे घरादाराचे सगळे फोटो.

काल दुपारी पावसात लाईट गेली. इन्व्हर्टरने दीड तास तग धरला, मग त्यानेही मान टाकली. रात्री नऊला लाईट आली. एरवी लाईट आली की सर्व्हर आपला आपण चालू होतो. काल झाला नाही, बटण दाबावं लागलं. वेबपान उघडतंय, पाय-होल मजेत आहे, पण १०१ आणि १०२ ढिम्म हलत नाहीत. स्टार्ट दाबलं की जरा गोल गोल फिरतं आणि खाली लाल रेघ येते.

आईने सकाळपासून चार वेळा विचारलं, "ताईच्या लग्नाचे फोटो गेले का रे?" काय करू?

---

मिसळ_एक_पाव_दोन · रात्री ११.४४

मी पयला! बंद करून चालू केला का?

---

गोदाकाठ · रात्री ११.४६

तो बंदच आहे हो. चालू होत नाही म्हणून तर धागा काढला.

---

झटपट_उपाय · रात्री ११.५८

माझ्याकडे सेम झालं होतं. व्हीएमच्या हार्डवेअर टॅबमध्ये जा, बायोस ओव्हीएमएफ असेल तर सीबायोस करा (व्हीएमच्या बायोसचे हे दोन प्रकार). नाही जमलं तर ईएफआय डिस्क काढून नवीन टाका. तरीही नाही तर बाकीच्या डिस्का डिटॅच करून एकेक लावून बघा. पाच मिनिटांचं काम, फोटो कुठे जात नाहीत.

---

शेवंती · रात्री १२.१०

गोदाकाठ, कृपा करून आत्ता काहीही बदलू नका. त्या लाल रेघेवर दोनदा क्लिक करा, टास्कचं आउटपुट उघडेल. त्यात जे लिहिलं असेल ते इथे शब्दशः टंका. तुमच्या समजुतीप्रमाणे नको, जसंच्या तसं.

आणि दोन प्रश्न. दोन्ही व्हीएमला एकच एरर येते का? कंटेनर खरंच नीट चालतोय का?

---

क्लाउडवासी · रात्री १२.२२

मला एक कळत नाही. विम्याचं काम करणाऱ्या माणसाने घरात सर्व्हर पाळायचाच कशाला? महिन्याला थोडे पैसे टाका, फोटो ढगात ठेवा आणि शांत झोपा. कुत्रा पाळला तर निदान शेपूट तरी हलवतो.

---

द्राक्षबाग_निफाड · रात्री १२.४०

@क्लाउडवासी, २०२१ च्या १ जूनपासून गूगलने फोटोंची फुकट अमर्याद जागा बंद केली. तेव्हापासून फोटो, मेल, ड्राइव्ह सगळं मिळून त्याच १५ जीबीत बसवायचं. एका लग्नाच्या व्हिडिओत तेवढी जागा भरते. महिन्याचे पैसे आयुष्यभर भरायचे, आणि भरायचे थांबलात की नवीन काही चढत नाही. हिशेब ज्याचा त्याने करावा.

विजेचं म्हणाल तर माझा डबा ३५ वॅट खातो. ७२० तासांनी गुणा, महिन्याला साधारण २५ युनिट. बागेतल्या मोटरीपुढे ही चिल्लर आहे.

---

क्लाउडवासी · रात्री १२.४७

२५ युनिट अधिक रात्री पावणेएकची ही जागरणं. ती कुठल्या खात्यात धरता? (दिवे घ्या)

---

गोदाकाठ · रविवार, सकाळी ७.१५

शेवंतीताई, माफ करा. तुमचा प्रतिसाद आत्ता वाचला. रात्री एक वाजता झोप येईना म्हणून झटपटभाऊंचं सगळं १०२ वर करून बसलो. म्हणजे असं:

आधी सीबायोस केलं. काही फरक नाही. परत ओव्हीएमएफ केलं. मग ईएफआय डिस्क डिटॅच केली, ती खाली 'अनयूज्ड' म्हणून दिसायला लागली, ती रिमूव्ह केली आणि नवीन बनवली. तरी लाल रेघ. मग फोटोंची मोठी डिस्क डिटॅच केली. ती आता 'अनयूज्ड डिस्क ०' म्हणून दिसतेय. तीही रिमूव्ह करून नव्याने जोडू का?

---

शेवंती · सकाळी ७.१८

नाहीईईईई!

रिमूव्ह म्हणजे डिलीट. ती डिस्क म्हणजेच तुमच्या ताईचं लग्न. हात लावू नका.

---

निवृत्त_मेंटेनन्स · सकाळी ७.३०

चहा सांडला माझा.

---

द्राक्षबाग_निफाड · सकाळी ७.४१

झटपट, राग मानू नका, पण आमच्याकडे अशा माणसाला औषधविक्रेता म्हणतात. शेतकरी दुकानात जाऊन "पानं पिवळी पडली" एवढंच बोलतो, आणि हा लगेच तीन बाटल्या काउंटरवर ठेवतो. डाऊनी आहे की भुरी (दोन्ही बुरशीचेच रोग), हे पान उलटून बघितल्याशिवाय कळत नाही. डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या अंगाला असते. पान कोणी उलटायचं?

---

झटपट_उपाय · सकाळी ८.०५

मी फक्त माझा अनुभव सांगितला. रिमूव्ह करा असं कुठेही लिहिलेलं नाही, वर जाऊन बघा. 'काढून नवीन टाका' म्हणजे काय ते ज्याला त्याला कळायला हवं.

---

मिसळ_एक_पाव_दोन · सकाळी ८.०९

'काढून' म्हणजे काढूनच ना भाऊ. का त्यालाही टीप द्यायची?

---

गोदाकाठ · सकाळी ८.३०

भांडू नका हो, चूक माझीच. ही घ्या एरर. दोन्ही व्हीएमला एकच आहे, आणि रात्रीच्या उद्योगांच्या आधीही हीच होती (जुने टास्क खाली दिसतात, उघडून बघितले):

"केव्हीएम व्हर्च्युअलायझेशन कॉन्फिगर्ड, बट नॉट अव्हेलेबल. आयदर डिसेबल इन व्हीएम कॉन्फिगरेशन ऑर एनेबल इन बायोस."

यातला 'डिसेबल' वाचून १०१ च्या ऑप्शन्समध्ये केव्हीएम 'नो' करून बघितलं. तर म्हणे, सीपीयू मॉडेल होस्टला केव्हीएम लागतं. पुन्हा 'येस' केलं. शप्पथ, आता कशालाही हात लावत नाही.

---

शेवंती · सकाळी ९.०२

छान. तुमच्या डिस्का, ओव्हीएमएफ, ईएफआय, डेबियन, यातल्या कशाचाही मूळ दुखण्याशी संबंध नव्हता. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही स्वतःच तीन पुरावे दिले होते.

एक, कंटेनर चालतो, व्हीएम चालत नाहीत. कंटेनर प्रॉक्समॉक्सचाच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वापरतो, त्याला प्रोसेसरची वेगळी सोय लागत नाही. व्हीएमला वेगळं आख्खं मशीन असल्याचा आभास हवा असतो, आणि त्यासाठी केव्हीएमला (लिनक्समधला व्हीएम चालवणारा भाग) प्रोसेसरमधलं व्हर्च्युअलायझेशन लागतं, इंटेलमध्ये त्याला व्हीटी-एक्स म्हणतात. ते बायोसमध्ये (मदरबोर्डवरचा, मशीन चालू होताच आधी चालणारा प्रोग्राम) बंद असेल तर तुमच्यासारखंच होतं: कंटेनर मजेत, व्हीएम सगळेच्या सगळे आडवे.

दोन, एका नाही, दोन्ही व्हीएमना एकच दुखणं. दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम एकाच दुपारी एकसारख्या बिघडत नाहीत. दोष दोघांच्या खाली आहे.

तीन, लाईट आल्यावर मशीन आपलं आपण चालू झालं नाही. ती सोयसुद्धा बायोसमध्येच असते.

म्हणजे बायोस स्वतःच्या मूळ सेटिंगवर गेलंय. होस्टच्या, म्हणजे मूळ प्रॉक्समॉक्सच्या, शेलमध्ये एवढं बघून सांगा (मी देवनागरीत लिहितेय, तुम्ही रोमनमध्ये टाइप करा): एलएस /डेव्ह/केव्हीएम. मग जर्नलसीटीएल -बी, आणि त्याच्या पहिल्या वीसेक ओळी.

---

गोदाकाठ · सकाळी ९.२०

/डेव्ह/केव्हीएम नाही म्हणतोय. अशी फाइलच नाही.

जर्नलमध्ये सुरुवातीला तारीख भलतीच जुनी दिसतेय आणि थोड्या ओळींनंतर एकदम परवाची. मध्ये एक ओळ आहे, "सिस्टिम टाइम बिफोर बिल्ड टाइम, अ‍ॅडव्हान्सिंग क्लॉक". आणखी एका ओळीत "व्हीएमएक्स" आणि "डिसेबल्ड बाय बायोस" असं दिसतंय.

---

मिसळ_एक_पाव_दोन · सकाळी ९.२३

डेव्हमध्ये केव्हीएम नाही म्हणजे देव्हाऱ्यात देवच नाही. मग आरती कोणाची करताय?

---

निवृत्त_मेंटेनन्स · सकाळी ९.५०

आता माझा विषय आला. अंबडच्या एमआयडीसीत तीस वर्षं मेंटेनन्स केला. ही सगळी लक्षणं त्या एका गोल बटण सेलची आहेत.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर२०३२. नावातच माप आहे, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. व्होल्टेज ३. मशीनला वीज नसताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग जपायचं काम त्याचं.

गंमत अशी की मशीन प्लगला लावलेलं असेपर्यंत, बंद असलं तरी, पॉवर सप्लाय थोडी वीज देत राहतो आणि सेलवर भार येत नाही. म्हणून चोवीस तास चालणाऱ्या मशीनचा सेल मेलेला असला तरी वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. पहिल्यांदा मोठी लाईट गेली आणि इन्व्हर्टरही बसला, की घड्याळ मागे आणि बायोस कोऱ्या पाटीवर. जुन्या कंपनीतून निघालेल्या मशीनमध्ये सेलही जुनाच आला असणार. तो कोणी बदलत नाही.

मल्टिमीटर असेल तर सेल काढून मोजा. अडीच व्होल्टच्या खाली असेल तर हळहळू नका, बदला. मशीनचा प्लग काढा, मगच उघडा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

---

शेवंती · सकाळी ९.५८

काकांना पूर्ण अनुमोदन. सिस्टिमडीची (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) ती घड्याळाची ओळ हेच सांगतेय. मशीनचं घड्याळ इतकं मागे गेलं होतं की सिस्टिमडीने म्हटलं, मी जन्मलो त्याच्या आधीची तारीख कशी असेल, आणि घड्याळ निदान स्वतःच्या जन्मतारखेपर्यंत पुढे आणलं. नंतर नेटवरून खरी वेळ मिळाली.

---

पंचवटी_एक्सप्रेस · सकाळी १०.३०

अवांतर, पण याच दुखण्याचा चुलतभाऊ. माझ्याकडे सेल गेला तेव्हा व्हीएम ठीक होते, पण घरातलं नेटच बंद. साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या पाय-होलमध्ये डीएनएसएसईसी (त्या उत्तरांवरच्या सह्या तपासणं) चालू ठेवलं होतं. घड्याळ मागे, म्हणून सह्यांच्या तारखा जुळेनात, म्हणून एकही नाव उलगडेना. नाव उलगडेना म्हणून टाइम सर्व्हर सापडेना. टाइम सर्व्हर सापडेना म्हणून घड्याळ मागेच. दोन तास राउटरला शिव्या दिल्या. बिचारा राउटर!

---

द्राक्षबाग_निफाड · सकाळी १०.४४

म्हणजे 'घर बांधल्याशिवाय लग्न नाही, लग्न झाल्याशिवाय घर नाही'.

---

गोदाकाठ · रविवार, संध्याकाळी ६.४०

अपडेट. मेनरोडला घड्याळवाल्याकडून दोन सेल आणले. जुना मोजला, काकांकडे यायचं म्हणजे मल्टिमीटर हवाच म्हणून शेजाऱ्याकडून मागून आणला: १.९ व्होल्ट. बायोस उघडलं तर तारीख २०१६ ची. नवा सेल घातला, तारीख लावली, व्हर्च्युअलायझेशन 'एनेबल' केलं, लाईट आल्यावर चालू व्हायचं सेटिंग केलं, सेव्ह केलं.

१०१ पहिल्या फटक्यात उठला!! टाकीची मोटर चालली, आईने खालून ओरडून सांगितलं.

पण १०२... स्टार्ट होतो, लाल रेघ नाही. कन्सोलमध्ये मात्र "बीडीएसडीएक्सई: फेल्ड टू लोड" असं काहीतरी, शेवटी "नॉट फाउंड", आणि मग पिवळ्या अक्षरांत काहीबाही येऊन "शेल" असं लिहून थांबतो. आता हे काय?

---

मिसळ_एक_पाव_दोन · संध्याकाळी ६.४२

हे आता 'काढून नवीन टाका'चं फळ.

---

झटपट_उपाय · संध्याकाळी ६.५१

बरं बरं. मान्य.

---

शेवंती · संध्याकाळी ७.१५

घाबरू नका, डेबियन जागेवर आहे. झालंय ते असं. ओव्हीएमएफ हे व्हीएमचं यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस. "डेबियनचा लोडर (सिस्टिम उठवणारी फाइल) अमुक फोल्डरमध्ये आहे" ही नोंद ते ईएफआय डिस्कवर ठेवतं. ती डिस्क तुम्ही पुसली आणि कोरी लावली. म्हणजे पोस्टमनची वही हरवली, घर जिथल्या तिथे.

मग तुम्ही विचाराल, वही नसली तर पोस्टमन घर शोधत का नाही? शोधतो, पण एकाच ठरलेल्या पत्त्यावर: ईएफआय, त्यात बूट, त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल. होम असिस्टंटची इमेज आपला लोडर तिथेच ठेवते, त्यामुळे १०१ ची ईएफआय डिस्क गेली असती तरी तो बहुधा उठला असता. डेबियन मात्र ईएफआयमध्ये स्वतःचं 'डेबियन' फोल्डर करतं आणि त्या ठरलेल्या जागी आपण होऊन काही ठेवत नाही. म्हणून नॉट फाउंड.

आता करायचं एवढंच:

शेलवर 'एक्झिट' टाइप करून एंटर मारा, यूईएफआयचा मेन्यू येईल. (किंवा रिसेट करून लोगो दिसला की एस्केप दाबत राहा.) बूट मेंटेनन्स मॅनेजर, मग बूट फ्रॉम फाइल, तुमची डिस्क, ईएफआय, डेबियन, आणि त्यातली शिमएक्स६४ ही फाइल निवडा. ग्रबचा (डेबियन सुरू करणाऱ्या लोडरचा) मेन्यू दिसला पाहिजे.

ही तात्पुरती वाट आहे. डेबियन उठलं की आतून नोंद पक्की करू.

---

पंचवटी_एक्सप्रेस · संध्याकाळी ७.२८

पुढे कोणी शोधत आलं तर कामाला येईल म्हणून: 'नॉट फाउंड'च्या जागी 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येत असेल तर दुखणं वेगळं. ईएफआय डिस्क बनवताना 'प्री-एनरोल कीज'वर टिक राहिली की सिक्युअर बूट चालू होतं, आणि होम असिस्टंटचा लोडर त्या चाळणीतून जात नाही. एस्केप दाबून डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिक्युअर बूटची टिक काढायची. डेबियनच्या शिमवर सही असते, त्याला हा त्रास नाही.

---

गोदाकाठ · रात्री ८.०५

ग्रब दिसला! ताई, दंडवत!

पण आता "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" म्हणून दीड मिनिट मोजत बसला आणि शेवटी "इमर्जन्सी मोड". माझं नशीबच फुटकं.

---

शेवंती · रात्री ८.०९

नशीब नाही, फोटोंची डिस्क. ती रात्री डिटॅच केलीत ना? एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्का जोडायच्या त्या यादीत, ती आहे, म्हणून डेबियन ती दीड मिनिट शोधतं आणि मग हात टेकतं. व्हीएम बंद करा. हार्डवेअरमध्ये 'अनयूज्ड डिस्क ०' वर एडिट दाबा (रिमूव्ह नाही, पुन्हा सांगते), मग अ‍ॅड. 'बस' (डिस्क जोडायचा प्रकार) आधी 'स्कझी' होती का ते आठवून तीच ठेवा.

---

निवृत्त_मेंटेनन्स · रात्री ८.१५

त्या दोन बटणांच्या मध्ये एखादी भिंत बांधायला हवी होती बनवणाऱ्याने.

---

गोदाकाठ · रात्री ९.१०

पुन्हा बूट फ्रॉम फाइल केलं. मध्ये "रिकव्हरिंग जर्नल" आलं, मी श्वास रोखून बसलो, आणि लॉगिन आलं!

इमिच उघडलं. ताईचं लग्न आहे. २०१५ च्या सिंहस्थातले रामकुंडावरचे फोटो आहेत. २०१९ च्या पुराचेही आहेत, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात बुडालेला. आईने सगळं स्वतः स्क्रोल करून खात्री केली, माझ्यावर विश्वास नाही म्हणाली.

ताई, आता ती नोंद पक्की कशी करायची?

---

शेवंती · रात्री ९.२५

डेबियनमध्ये रूट म्हणून: डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४. प्रश्न विचारत जाईल. "रिमूव्हेबल मीडिया पाथवरही लोडर ठेवू का" असं विचारेल, तिथे हो म्हणा. त्याने त्या ठरलेल्या पत्त्यावरही एक प्रत जाईल. "एनव्हीरॅममध्ये नोंद करू का" यालाही हो (तीच ती पोस्टमनची वही). मग रीबूट करून बघा, हाताने काही न निवडता उठला पाहिजे.

आणि एफएसटॅबमध्ये फोटोंच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' घाला. पुढच्या वेळी डिस्क नसली तरी व्हीएम उठेल तरी. फक्त एक लक्षात ठेवा, डिस्क लागलेली नसताना इमिच चालू राहिलं तर ते नवे फोटो एसएसडीवरच ओतत बसेल.

---

गोदाकाठ · रात्री ९.५०

उठला. आपला आपण.

---

द्राक्षबाग_निफाड · रात्री १०.०५

अभिनंदन. आता कडू प्रश्न: बॅकअप?

---

गोदाकाठ · रात्री १०.१२

आहे की. दर रविवारी व्हीएमचा होतो. त्याच एसएसडीवर. फोटोंची डिस्क त्यातून वगळली आहे, मावत नाही म्हणून.

---

द्राक्षबाग_निफाड · रात्री १०.१५

म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात, आणि दागिने कपाटावर.

---

निवृत्त_मेंटेनन्स · रात्री १०.३०

एक बाहेरची यूएसबी डिस्क घ्या. फोटो तिच्यावर उतरवा आणि डिस्क काढून आईच्या कपाटात ठेवा. लावून ठेवाल तर विजेच्या एका तडाख्यात दोन्ही जातील. आमच्या घराच्या गच्चीतून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची चिमणी दिसते. लहानपणी वाटायचं, एवढ्या जवळ वीज तयार होते म्हणजे आपल्याकडे लाईट कधी जाणारच नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात शहाणपण येतंय.

शिवाय इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडला आहे का बघा. साध्या मोडला बदल व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात काही मशीनं रीबूट होतात.

---

पंचवटी_एक्सप्रेस · रात्री १०.४१

इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही ना पण, "मी आता बसतोय" म्हणून. छोटा यूएसबीवाला यूपीएस घ्या आणि होस्टवर 'नट' (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) बसवा. बॅटरी तळाला आली की नट होस्टला रीतसर बंद करतं, होस्ट आधी व्हीएमना बंद करतो. परवा तुमचे व्हीएम चालत्या गाडीतून ढकलल्यासारखे पडले. जर्नलने (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) सांभाळून घेतलं, दरवेळी घेईलच असं नाही.

रच्याकने, तुमचा थिन पूल (व्हीएमच्या डिस्का ज्या जागेतून कापून दिल्या जातात ती) किती भरलाय? बॅकअपही त्याच एसएसडीवर म्हणता म्हणून विचारतो. 'एलव्हीएस' मारा, डेटाची टक्केवारी बघा.

---

गोदाकाठ · रात्री १०.५२

८८.

---

पंचवटी_एक्सप्रेस · रात्री १०.५५

दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय. १०० झालं की व्हीएम 'आयओ-एरर' म्हणून मध्येच गोठतात, आणि तेव्हा तुम्ही पुन्हा धागा काढाल. डिस्कच्या ऑप्शनमध्ये 'डिस्कार्ड' चालू करा, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि आतून एफएसट्रिम चालवा. पुसलेल्या फाइलींची जागा पूलला परत मिळेल.

---

गोदाकाठ · सोमवार, सकाळी ७.३०

८८ चे ५३ झाले! एवढी जागा कोण अडवून बसलं होतं?

---

क्लाउडवासी · सकाळी ९.००

सगळा धागा वाचला. एक सेल, दोन दिवस, सहा माणसं. आणि तरी मलाच वेड्यात काढतात.

---

मिसळ_एक_पाव_दोन · सकाळी ९.०४

तुमच्या ढगातही कोणाचा तरी असाच डबा आहे, फक्त त्याच्या आईचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही.

---

झटपट_उपाय · सकाळी १०.२०

गोदाकाठ, मनापासून सॉरी. रात्री उशिरा प्रतिसाद टंकला, एरर विचारायचं सुचलंच नाही. नाशिकरोडला असतो, त्या बाजूला आलात तर मिसळ माझ्याकडून.

---

गोदाकाठ · सकाळी १०.३५

अहो नाही हो, त्या निमित्ताने यूईएफआय शिकलो. मिसळ मात्र नक्की. काकांनाही घेऊन येतो, मल्टिमीटरसकट.

---

सिन्नर_फाटा · अडीच महिन्यांनी

धागा वर काढतोय. माझाही व्हीएम उठत नाही. सेल बदलला, व्हर्च्युअलायझेशन चालूच होतं, कंटेनर चालतात, दुसरा व्हीएमही चालतो, एकच अडकलाय. ओव्हीएमएफचं सीबायोस करू का?

---

झटपट_उपाय · त्याच दिवशी, चार मिनिटांनी

काही करू नका. लाल रेघेवर दोनदा क्लिक करा आणि काय लिहिलंय ते टाका.

---

सिन्नर_फाटा · त्याच दिवशी

"व्हॉल्यूम लोकल:आयएसओ" आणि पुढे उबुंटूच्या फाइलचं नाव, मग "डज नॉट एक्झिस्ट".

---

झटपट_उपाय · त्याच दिवशी

जागा हवी म्हणून आयएसओ (उबुंटू बसवायची फाइल) पुसलीत ना? व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये ती अजून लावलेलीच आहे. हार्डवेअर, सीडी ड्राइव्ह, एडिट, 'डू नॉट यूज एनी मीडिया'. सेलचे पैसे गेले तुमचे.

---

सिन्नर_फाटा · त्याच दिवशी

उठला. सेल कॅल्क्युलेटरला बसतो का?

---

निवृत्त_मेंटेनन्स · त्याच दिवशी

वजनकाट्याला बसेल. स्वयंपाकघरातला बघा, बऱ्याच काट्यांत हाच असतो.